एकशे दोनच्या वर

कानिफनाथ येळवंडे जीपमधून उतरला तेव्हा राहीबाई ओट्यावर बसून मिलो निवडत होती. मिलो म्हणजे त्या साली रेशनवर मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी. तिच्या भाकरीला चव नाही की चिकटा नाही, थापता थापता चिरायची. तरी घरोघरी ती मन लावून निवडली जाई, कारण डब्यात दुसरं काही नव्हतं. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. सोनईहून नेवाशाकडे जाताना डाव्या हाताला जी लहानशी वस्ती लागते, तिथल्या सगळ्या विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि टँकर आला की घरटी मोजून पाणी मिळत होतं.

"आलास," एवढंच राहीबाई म्हणाली. हातातलं सूप काही तिनं खाली ठेवलं नाही.

धाकटा भाऊ बऱ्याच दिवसांनी आला होता, पण या खेपेला तो भाऊ म्हणून आलेला नाही हे तिला ठाऊक होतं. कानिफनाथ गुजरातेत तेलाच्या खात्यात इंजिनियर होता. जमिनीखालचं तेल वर आणलं तर त्यातून किती वायू सुटेल, ते किती आटेल, किती पातळ असेल, याचा अंदाज बांधायचा हे त्याचं काम. आणि दुष्काळी कामातून राहीबाईच्या शेतात पाण्यासाठी जे बोअर घेतलं, त्याला पाण्याऐवजी काळं तेल लागलं होतं. कलेक्टर कचेरीतून खात्याला तार गेली. खात्यात नगर जिल्ह्यातला एकच माणूस निघाला, आणि साहेबांनी त्यालाच पिटाळलं.

तार वाचून कानिफनाथ हसला होता. नगर जिल्ह्याच्या पोटात सगळा काळा कातळ, ज्वालामुखीचा, कुठवर खोल गेलाय त्याचा पत्ता नाही. त्यात तेल सापडणं म्हणजे बाभळीला आंबे लागण्यातला प्रकार. कुणाच्या तरी इंजिनाचं जळकं ऑइल झिरपलं असणार, असं त्यानं साहेबांना सांगितलंही. तरी हुकूम तो हुकूम. तपासायचं, धोका दिसला तर सिमेंट भरून भोक बुजवायचं आणि परत फिरायचं, असं ठरवून तो निघाला.

राहीबाईच्या कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू होतं. त्याची एक गोष्ट आहे, आणि ती वस्तीत लहानथोर सगळ्यांना पाठ होती. पानशेतचं धरण फुटलं त्या सालच्या उन्हाळ्यात तिचा नवरा सहादेव या शेतातल्या अर्धवट खोदलेल्या विहिरीत गाडला गेला. निदान लोक तसं म्हणत. दिवस मावळता तो एकटाच शेताकडे गेला, मागून माणसं गेली तर विहीर एका अंगानं ढासळून भरून गेलेली आणि काठावर त्याच्या वहाणा. पुष्कळ उकरलं. जेवढं काढावं तेवढंच वरून पुन्हा खाली येई. अखेर आणखी कुणाचा जीव जायला नको म्हणून काम थांबवलं. राहीबाईचं म्हणणं एकच होतं, की त्याला आत उतरताना कुणी पाहिलं नाही, प्रेत हाती लागलं नाही, तर मी कुंकू का पुसू? रीत तिच्या बाजूची होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, तोवर बाई सवाशीण. ती बारा वर्षं या वैशाखात भरत होती.

बोअरची सरकारी खूण खरं तर पलीकडच्या बांधाजवळ होती. राहीबाई मशिनीपुढं जमिनीवर बसली आणि म्हणाली, जमीन माझी, मी सांगेन तिथं घ्या. तिनं दाखवलेली जागा म्हणजे त्या भरून गेलेल्या विहिरीचा अगदी काठ. उन्हात तासभर हुज्जत घालून मिस्त्री कंटाळला आणि तिथंच पाइप उभा केला.

हा मिस्त्री गनीभाई. नगरचा माणूस, पन्नाशीचा, दुष्काळात जिल्हाभर बोअर घेत हिंडणारा. बोअर घेताना काय काय झालं ते कानिफनाथनं पहिल्याच दिवशी त्याला विचारलं. गनीभाईनं मातीचे नमुने दाखवले. मुरूम, मग काळा दगड, मग पुन्हा काळा दगड. शेवटच्या नमुन्याच्या जागी त्यानं काहीच ठेवलेलं नव्हतं.

"हितं काय लागलं?"

"काय सांगू साहेब," गनीभाई म्हणाला. "दगडात हातोडा पडतो त्याचा हादरा हाताला कळतो. हितं हादराच न्हवता. मशीन गपकन आत गेली. नरम जाग्यात जाते तशी." एवढं बोलून त्यानं आपले दोन्ही हात पायजम्याला पुसले. पुसण्यासारखं त्यांना काही लागलेलं नव्हतं.

भोकाच्या तोंडाशी कानिफनाथ वाकला. तेल पुरुषभर खाली येऊन थांबलेलं, काळं, स्थिर. आयुष्यात त्यानं नाना तऱ्हेच्या तेलांचे वास घेतले होते, रॉकेलचे, डांबराचे, कुजक्या अंड्याचे. हा त्यांतला एकही नव्हता. भिजून वाळत घातलेल्या घोंगडीला येतो तसा वास येत होता. त्यानं तसं काही बोलून दाखवलं नाही. पेटीतून तारेचं रीळ काढलं, तारेला थर्मामीटर बांधला आणि खाली सोडला.

त्र्याऐंशी अंश. तेलवाल्यांची सूत्रं सगळी अमेरिकेतून आलेली, त्यामुळे त्यांच्यात मोजमाप फॅरनहाइटमध्ये चालतं. त्या खोलीवरच्या कातळाचं तापमान जितकं असावं तितकंच ते होतं. कानिफनाथला बरं वाटलं. निदान काही तरी शहाण्यासारखं वागत होतं.

मग त्यानं नमुने घेतले. नमुन्याची बाटली पोलादाची, जाड, लांबट. उघड्या तोंडानं खाली सोडायची आणि वरून तारेवर वजन सोडलं की खालच्या खाली तोंड मिटायचं. वेगवेगळ्या खोलीवर ती भरून पाहिली की कुठल्या दाबाला तेलातून पहिला बुडबुडा सुटतो ते कळतं. बाटलीतलं तेल वर मोकळं केलं की ते किती आटतं ते कळतं. आणि शिशाचा गोळा तेलात सोडून तो किती सावकाश बुडतो हे पाहिलं की तेल खाली किती दाट आहे ते कळतं. ही तीन मापं झाली. हे सगळं करताना तेल त्याच्या पंजांना लागलं. रॉकेलच्या बोळ्यानं त्यानं ते पुसलं. पंजे नंतरही ऊन वाटत होते, पण त्या उन्हाळ्यात कुणाचे पंजे गार होते?

चार वाजता ओट्यावर सावली आल्यावर तो गणित मांडून बसला. इथं थोडं सांगायला हवं. जमिनीखालचं तेल कुणी डोळ्यांनी बघत नाही. म्हणून शेकडो ठिकाणच्या तेलांची मापं घेऊन शहाण्यासुरत्या लोकांनी काही सूत्रं बसवली आहेत. तेलाचा जडपणा सांगा, त्यात विरघळलेला वायू सांगा, खालचं तापमान सांगा, की सूत्र सांगतं, बुडबुडा कुठं सुटेल, तेल किती आटेल, किती दाट असेल. ही सूत्रं म्हणजे काही निसर्गाचे नियम नव्हेत. सुगरण मुठीनं मीठ टाकते तसला तो अनुभवाचा अंदाज. शंभरात दहापंधराची चूक घरचीच धरायची.

त्र्याऐंशी अंश धरून त्यानं तिन्ही सूत्रं चालवली आणि तिन्ही सपशेल चुकली. बुडबुडा भलत्याच दाबाला सुटत होता, तेल हवं त्यापेक्षा जास्त आटत होतं आणि हवं त्यापेक्षा पातळ होतं. थंड कातळातलं तेल असं वागत नाही. कानिफनाथ चिवट होता. गणित चुकलं की त्याला जेवण जात नसे. त्यानं स्लाइड रूल, म्हणजे गणिताची सरकती पट्टी, पुसली आणि गणित उलटं मांडलं. तापमान माहीत नाही असं धरू. मापं माहीत आहेत. मग कुठल्या तापमानाला ही मापं सूत्रात बसतील?

बुडबुड्याच्या सूत्रानं उत्तर दिलं, एकशे दोन पूर्णांक सहा.

आटण्याच्या सूत्रानंही तेच दिलं.

ही सूत्रं तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या मुलखांतल्या तेलांवरून बसवलेली. एका घरातल्या तीन जावांसारखी, एकमेकींशी त्यांचं कधी पटत नाही. दहा वर्षांच्या नोकरीत ती तिन्ही एका आकड्यावर आलेली त्यानं पाहिली नव्हती, आणि कुणी पाहिल्याचं ऐकलंही नव्हतं. तिसरं सूत्र, दाटपणाचं, त्यानं मुद्दाम सावकाश केलं. एकशे दोन पूर्णांक सहा.

तिन्ही सूत्रं एका आकड्यावर आली म्हणून तो चक्रावला, पण त्या आकड्याचं त्याला काही वाटलं नाही. तेलाच्या धंद्यात रोज दोनशेच्या आसपासची तापमानं बघायची. त्या माणसाला एकशे दोन म्हणजे थंडगारच. त्याला खटकलं ते एवढंच, की काचेचा थर्मामीटर एक सांगतोय, तेल दुसरंच सांगतंय, आणि तेल तिन्ही तोंडांनी एकच सांगतंय. सूत्रं आपल्या कातळासाठी बसवलेली नाहीत, त्याला कोण काय करणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी नव्यानं नमुने घेतले, थर्मामीटर पुन्हा सोडला. काच म्हणाली त्र्याऐंशी. तेल म्हणालं एकशे दोन पूर्णांक सहा. यातलं अक्षरही त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंही काय?

त्यानंतरच्या सकाळी टँकर येऊन गेला आणि वस्तीत आरडाओरडा झाला. शेजारची कडूबाई तणतणत ओट्याशी आली. तुमच्या बहिणीला वेड लागलंय, म्हणाली, लोकांची लेकरं कोरड्या घशानं झोपतात आणि ही बाई आपला हंडा नेऊन त्या भोकात ओतते. आजचं नाही, तेल लागलं तेव्हापासून रोजचं आहे.

कानिफनाथ शेताकडे गेला. राहीबाई बोअरच्या तोंडाशी बसलेली होती. हंड्यात फडकं बुडवून ते ती भोकावर पिळत होती, सावकाश, धार तुटू न देता. तिचे ओठ उन्हानं फुटलेले होते. हंडा जवळजवळ रिकामा झाला होता. ही बाई दिवसभर पिते तरी काय?

"आक्का, हे काय चाललंय?"

"दिसतंय की."

"तेलात पाणी घालून काय होणार आहे?"

राहीबाईनं फडकं पुन्हा बुडवलं. "तापलेल्या मानसाच्या डोक्यावर पानी घालू नको तर काय घालू?"

तो तिच्याशेजारी मातीत बसला. भाऊजी जाऊन बारा वर्षं झाली, हे त्यानं तिला आजवर कधी तोंडावर म्हटलं नव्हतं, ते आता म्हटलं. राहीबाई चिडली नाही. तिनं पदरानं हात पुसले आणि ती बोलायला लागली. कानिफनाथ त्या उन्हाळ्यात परीक्षेसाठी पुण्याला होता. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि तिनंही दुसऱ्या कुणाजवळ काढलेलं नव्हतं.

"त्या दिशी त्येंला ताप हुता. दुपारी सोनईला डॉक्टरकडं नेलं. त्यानं काचेची नळी लावली. म्हनला, एकशे दोनच्या वर तीन बारक्या रेघा. म्हनला, हातरुनातनं उठू द्यायाचं न्हाई. घरी आनलं, बाजेवर घातलं, कपाळावर फडकं ठिवलं. तर म्हनत्यात, पहारी हिरीत ऱ्हायल्यात, कुनी न्हेईल. मी फडकं भिजवाया आत गेल्ते. भाईर आले तर बाज रिकामी."

ती पुढं आणखी काही बोलत होती. कानिफनाथला ऐकू आलं नाही. ताप मोजायच्या नळीवर दोन अंशांच्या मध्ये चार बारक्या रेघा असतात. एक रेघ म्हणजे दोन दशांश. तीन रेघा म्हणजे सहा.

त्याला भीती वाटली. भर उन्हात, सकाळच्या दहाच्या सुमाराला, स्वतःच्या सख्ख्या बहिणीशेजारी बसून त्याला अशी भीती वाटली की उठून जीपकडे पळत सुटावं. तो पळाला नाही. त्याला राग आला. योगायोगाचाही एक आकडा असतोच, तो कुठला तरी असणार, म्हणून काय त्याच्यापुढं हात टेकायचे? त्यानं बाटली तारेला अडकवली आणि ती पार तळाला जाऊन टेकेपर्यंत सोडली. पाणी तेलाहून जड. बहिणीनं ओतलेले हंडेच्या हंडे तळाशी साठलेले असणार. ते दाखवून तिची समजूत काढता येईल.

बाटली वर आली. त्यानं ती काचेच्या भांड्यात रिकामी केली आणि भांडं उन्हात धरलं.

पाण्याचा एक थेंबही नव्हता.

"कुठं गेलं मग पाणी?" त्यानं विचारलं. हे त्यानं कुणाला विचारलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. राहीबाईनं त्याच्याकडे पाहिलं, त्याला फार काही समजत नाही हे तिला पहिल्यापासून ठाऊक असावं तसं, आणि रिकामा हंडा कमरेवर घेऊन ती घराकडे निघाली.

त्या दिवसापासून त्यानं नमुने घेणं बंद केलं. बोअरमधून वायू निघतो, आगीचा धोका आहे, तेल बाजूच्या विहिरींत उतरू शकतं, सबब भोक सिमेंटनं बुजवावं, असा अहवाल त्यानं लिहिला. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तापमानाच्या जागी त्यानं त्र्याऐंशी लिहिलं. तेही खरंच होतं. नगरला सिमेंटसाठी निरोप गेला.

मग आप्पासाहेब आले. हे सहादेवचे थोरले भाऊ, मळ्यात वेगळे राहणारे, कमी बोलणारे, सरळ. राहीबाईची एक काडीही त्यांनी कधी घेतली नव्हती. उलट बारा वर्षं तिचं औत त्यांनीच चालवलं होतं. ते ओट्यावर टेकले आणि टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"कानिफराव, तुमी शिकलेलं हाय. तुमी तिला सांगा. अवसेला मी पुतळा न्हेतो नेवाशाला, प्रवरेच्या काठाला. भटजींना सांगितलंय. सहादूला वाट मोकळी करून देऊ या. बारा वर्सं आडकून पडलाय त्यो."

अडकून पडलाय, हे त्यांनी रीतीप्रमाणं म्हटलं होतं. कानिफनाथला मात्र ते शब्दशः ऐकू आलं. त्यानं मान हलवली. भोकही अमावस्येलाच बुजवू, म्हणाला, एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

राहीबाई उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. ती रडेल, अंगावर येईल, मशिनीपुढं बसली तशी भोकावर जाऊन बसेल, अशी कानिफनाथची अटकळ होती. तिनं त्यातलं काही केलं नाही.

"बुजवा," ती म्हणाली. "पर बुजवायच्या आधी एकदा बघ, कानिफा. तुज्या गनितानं बघ. मग तू म्हनशील तसं. मी माजं कुंकू माज्या हातानं पुशीन."

"काय बघू?"

"तुला ठावं हाय काय बघायचं ते."

त्यानं तिला आकडा सांगितला नव्हता. गनीभाईलाही नाही, साहेबांनाही नाही. तरी तो हो म्हणाला. भोक बुजवण्याआधी शेवटचा नमुना घ्यायचा हा खात्याचा नियमच होता, तेव्हा हो म्हणण्यात काही जात नव्हतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मधल्या दिवसांत राहीबाई रोज हंडा घेऊन जात राहिली. कडूबाईनंही बोलणं सोडलं. एकदा तर तीच आपल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी हिच्या हंड्यात ओतताना कानिफनाथला दिसली. त्याला पाहून तिनं तोंड फिरवलं.

अमावस्येला सकाळी ट्रॅक्टरवरून सिमेंटची पोती आली. कालवायला पाणी हवं म्हणून टँकर थेट शेतात नेला होता, आणि वस्तीतली माणसं हंडे घेऊन लांब उभी राहून ते पाणी सिमेंटला जाताना बघत होती. गनीभाईनं वाळूचं आळं केलं. आप्पासाहेब आणि त्यांच्या घरातली दोघं लिंबाखाली बसली होती. त्यांच्यापुढं पितळी परात, तीत पुतळ्यासाठी आणलेलं गव्हाचं पीठ. त्या साली गव्हाचं पीठ कुणाच्या घरात नव्हतं. ते त्यांनी कुठून मिळवलं ते त्यांनाच ठाऊक.

कानिफनाथनं बाटली सोडली. खालची, मधली, वरची खोली. मग गोळा. मग बाटलीतलं तेल मापाच्या नळीत. सगळं नियमाप्रमाणं, एक पायरी न गाळता. शेवटी त्यानं थर्मामीटर सोडला. त्र्याऐंशी.

जीपच्या बॉनेटवर पोतं टाकून त्यानं कागद ठेवला.

बुडबुडा या वेळी वेगळ्या दाबाला सुटला होता. तेल जरा दाट वाटत होतं. आटलंही कमी होतं.

पहिलं सूत्र त्यानं उलटं चालवलं. उत्तर आलं, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

त्यानं घाम पुसला. दुसरं केलं.

अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

तिसरं करायची गरज नव्हती. तरी त्यानं ते केलं, कारण अर्धवट गणित सोडणारा तो माणूस नव्हता. स्लाइड रूलची काच त्यानं रेघेवर आणली, डोळा जवळ नेला आणि तसाच वाकलेला राहिला. तापाच्या नळीवर या ठिकाणी एक छोटा बाण असतो. शाळकरी पोरालाही तो आकडा पाठ असतो.

मागं कुणी तरी उभं होतं. वळून न बघताही त्याला कळलं.

"उतरला?" राहीबाईनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. काही झालेलं नाही आक्का, तेल आहे, तेलासारखं तेल, एवढं म्हटलं की पुरे होतं. कुंकू तिनं खरंच पुसलं असतं. ती शब्दाची पक्की होती. समोर गनीभाई फावडं घेऊन त्याच्या खुणेची वाट बघत होता. आप्पासाहेब लिंबाखालून उठून उभे राहिले होते.

"उतरला," कानिफनाथ म्हणाला.

राहीबाईनं डोळे मिटले. बारा वर्षांत तिच्या खांद्यांवर जे काही होतं ते खाली ठेवल्यासारखी ती क्षणभर सैल उभी राहिली. मग तिनं पदर खोचला, लिंबाखाली गेली आणि थोरल्या दिरापुढची पिठाची परात उचलली.

"राहे," आप्पासाहेब म्हणाले, "ते पुतळ्याचं हाय."

"ठावं हाय," ती म्हणाली. "ताप उतरला की मानसाला भूक लागती. तापातनं उठलेल्याला मिलो जात न्हाई."

तिला कुणी अडवलं नाही. गनीभाईनं फावडं टेकवलं आणि सिमेंटच्या आळ्यापासून तो दोन पावलं मागं सरला. पाणी घातलेलं सिमेंट उन्हात घट्ट व्हायला लागलं होतं. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

घराच्या वाटेवर राहीबाई थांबली आणि मागं वळली.

"कानिफा, पोळी कुस्करून घालावी लागंल. तुज्या त्या बाटलीच्या तोंडातनं जाईल का?"

कानिफनाथनं बॉनेटवरची बाटली उचलली, तिच्या तोंडात दोन बोटं घातली आणि मापून पाहिलं.

"जाईल," तो म्हणाला. "दुधात भिजव, म्हणजे जाईल."